हंटर, व्हरमाँट की थेट यूटा? न्यू जर्सीत राहून स्कीइंग करणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर सरत आला की आमच्या ओळखीच्या घरांत एकच विषय निघतो, यंदा बर्फात कुठे जायचं. परवा शेजारच्या वहिनींनी मला दारातच गाठलं. "तुम्ही दरवर्षी जाता ना, मग सांगा बघू. मुलांना गेल्या वर्षी दोनदा कॅमलबॅकला नेलं. आता हे म्हणतात, तेच तेच कशाला, एकदाच पैसे घालू आणि कोलोरॅडोला जाऊ." मी तिथल्या तिथे सांगून टाकलं, वहिनी, यंदा जाऊ नका. त्यांचा चेहरा उतरला. कारणं दारात उभं राहून सांगण्याजोगी नव्हती, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे.

आधी आपले पर्याय. मध्य न्यू जर्सीतून पोकोनोजमधलं कॅमलबॅक साधारण दीड तासावर, कॅट्सकिल्समधलं हंटर अडीच तासांवर. हे पहाटे निघून रात्री घरी जेवायला येण्याचे डोंगर. व्हरमाँटमधलं ओकीमो, किलिंग्टन किंवा स्टो गाठायचं तर पाच-सहा तास गाडी चालवावी लागते, म्हणजे मुक्काम आलाच. त्यापलीकडे रॉकीज, म्हणजे पश्चिमेचे कोलोरॅडो-यूटाचे डोंगर. तिथे विमान, हॉटेल, भाड्याची गाडी आणि मुलांची शाळा बुडवणं, सगळं आलं.

उंचीचा अंदाज आपल्याकडच्या मापाने घेतला तर पटकन येतो. किलिंग्टनचं शिखर 4,241 फूट, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही थोडं खालीच. कोलोरॅडोतलं ब्रेकेनरिज हे गाव 9,600 फुटांवर आहे. कळसूबाईचा माथा 5,400 फूट, म्हणजे तिथे हॉटेलच्या खोलीत बॅग ठेवतानाच आपण कळसूबाईच्या पाऊणपट आणखी वर असतो. तिथली सर्वांत उंच खुर्चीची लिफ्ट 12,840 फुटांवर सोडते. पण एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. पायथ्यापासून शिखरापर्यंतचा उतार मोजला तर किलिंग्टनचा 3,050 फूट भरतो आणि यूटातल्या नामांकित आल्टाचा लिफ्टने मिळणारा उतार जेमतेम 2,000 फूट. तेव्हा आपले डोंगर लहान म्हणून तिकडे जायचं, हे कारण अर्धंच खरं. खरा फरक बर्फाचा आहे.

आपल्याकडे बर्फ पडतो, मग पाऊस येतो, मग रात्री पारा घसरतो आणि सकाळी सगळं काचेसारखं टणक झालेलं असतं. इकडचे लोक आपल्या किनाऱ्याला 'आइस कोस्ट' म्हणतात ते उगाच नाही. त्यात हंटर किंवा पोकोनोजमधला बराचसा बर्फ यंत्राचा. थंड रात्री पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात, ते खाली येईपर्यंत गोठतात. आकाशातून पडलेल्या बर्फाच्या चांदणीसारख्या पाकळ्या त्यात नसतात, असतात नुसते बारीक गोल कण. ते दाबून बसतात आणि लवकर वितळत नाहीत, म्हणूनच मार्चपर्यंत टिकतात. हंटरवर जानेवारीतल्या रविवारी सकाळी आठ वाजता लिफ्टमधून खाली ऐकत राहा. उलथन्याने लोखंडी तवा खरवडावा तसा आवाज येत असतो. ती स्कीची धार बर्फावर घासत असते.

हा आवाज मला पहिली दोन वर्षं नकोसा वाटायचा. आता मी नव्याने शिकणाऱ्यांना आवर्जून तिथेच नेते. टणक बर्फ चूक लपवू देत नाही. वजन मागे टाचांवर गेलं की स्की घसरलीच, धार नीट लावली नाही की वळण फसलंच. माझी लेक सात वर्षांची असताना अशाच उतारावर शिकली. आज तिला कुठल्याही बर्फावर सोडलं तरी तिचे गुडघे आपोआप वाकतात आणि नजर दोन वळणं पुढे असते. शिवाय दिवसांचा हिशेब बघा. यूटाच्या चार दिवसांच्या सहलीत प्रत्यक्ष स्की करायला तीन दिवस मिळतात. हंटरला एका हिवाळ्यात दहा रविवार सहज होतात. अंगात स्कीइंग मुरतं ते दिवसांनी.

घरच्या डोंगराचे त्रासही सांगते. लाकूडतोड करून काढलेल्या वाटा अरुंद, त्यात शनिवारी तोबा गर्दी. व्हरमाँटची थंडी ओलसर आणि बोचरी, वारा सुटला की लिफ्टवर गाल बधिर होतात. डिसेंबरात पाऊस पडला की अख्खा आठवडा वाया. आणि एखादं वर्ष असं जातं की फेब्रुवारीतही तपकिरी डोंगरावर पांढरी पट्टी तेवढी दिसते. ज्यांनी आयुष्यात तेवढंच पाहिलंय, त्यांना या खेळाची अर्धी गंमत कळलेलीच नाही, असं मला मनापासून वाटतं.

ती गंमत मला आल्टाला कळली, आणि तीही पडून कळली. आल्टाला वर्षाला सरासरी 500 इंचांच्या वर बर्फ पडतो, किलिंग्टनच्या साधारण दुप्पट. तोही कोरडा. मुठीत घेऊन दाबला तर गोळा होत नाही, फुंकर मारली तर मैद्यासारखा उडतो. रात्री फूटभर पडला होता. मी हंटरच्या सवयीने धार लावून वळायला गेले आणि सरळ तोंडावर आपटले. लागलं काहीच नाही, गादीवर पडल्यासारखं झालं. पण डाव्या पायातली स्की निसटून बर्फाखाली गडप. नवरा आणि मी काठ्या खुपसून खुपसून वीस मिनिटं शोधत होतो. तेवढ्यात आमच्या शेजारून सत्तरीच्या एक आजी तालात, बर्फ छातीपर्यंत उडवत खाली गेल्या. आवाज अजिबात नाही. मी बर्फात बसल्या बसल्या त्यांच्याकडे बघतच राहिले. तसं उतरता यावं, म्हणून मी त्यानंतरचे हिवाळे घालवले आहेत.

याच अनुभवावरून माझं मत पक्कं झालं. निळ्या चौकोनाची खूण असलेल्या, म्हणजे मध्यम अवघड उतारावरून न घाबरता, न थांबता खाली येता येत नसेल, तर पश्चिमेची सहल नवशिक्याला महाग पडते. हिरव्या वर्तुळाचा, म्हणजे सर्वांत सोपा उतार सगळीकडे सारखाच. तो करायला पाच तास विमानात कशाला बसायचं? आमच्या ओळखीचं एक कुटुंब असंच पहिल्या वर्षी गेलं. चारपैकी तीन दिवस मुलं शिकवणीच्या छोट्या उतारावर होती, आईला उंचीमुळे डोकेदुखी, आणि परत आल्यावर मुलं म्हणाली, कॅमलबॅकचं ट्यूबिंगच, म्हणजे रबरी ट्यूबवर बसून घसरणंच छान होतं.

उंची हा मुद्दा आपण फार हलक्यात घेतो. समुद्रसपाटीवरून एका दिवसात नऊ हजार फुटांवर गेलं की डोकं दुखणं, मळमळ, रात्री झोप न लागणं हे धडधाकट माणसालाही होतं. भारतातून आई-बाबा आलेत, त्यांनाही घेऊन जाऊ, असं मनात असेल तर त्यांच्या डॉक्टरांशी आधी बोला. पहिला दिवस निम्माच स्की करा, पाणी भरपूर प्या.

म्हणूनच कोलोरॅडो की यूटा असं कोणी विचारलं, तर छोट्या सहलीसाठी मी डोळे झाकून यूटा म्हणते. सॉल्ट लेक सिटीच्या विमानतळापासून आल्टा आणि स्नोबर्ड पाऊण तासाच्या अंतरावर. शहर स्वतः साधारण 4,200 फुटांवर आहे. रात्री खाली झोपायचं, सकाळी वर जायचं. झोप चांगली लागते, हॉटेलही स्वस्त पडतं, आणि गाडी नको असेल तर शहरातून वर स्की बस जाते. मात्र जोरदार बर्फ पडला की हिमस्खलनाच्या भीतीने वरचा रस्ता बंद करतात, तेव्हा परतीच्या दिवशी विमान आणि स्की दोन्ही साधायला जाऊ नका. कोलोरॅडोला डेन्व्हरहून एकाच हमरस्त्याने डोंगर चढून बोगदा ओलांडायचा आणि शनिवारी त्या रस्त्यावर मुंबई-पुणे एक्सप्रेसवेच्या घाटात सलग सुट्टीला होतं तसं होतं. व्हेलचा आवाका प्रचंड आहे, 5,300 एकरांच्या वर, मागच्या बाजूची झाडं नसलेली उघडी मैदानं बघितली की छाती भरून येते. पण त्याचं चीज व्हायला आठवडा हवा.

स्नोबोर्ड करणाऱ्यांनो, आल्टा आणि डिअर व्हॅली दोन्हीकडे तुम्हाला प्रवेश नाही. घरात एकजण बोर्डवाला असेल तर स्नोबर्ड किंवा पार्क सिटी बघा.

आता पैसे. खिडकीवर एका दिवसाचं तिकीट घ्यायची चूक कुठेच करू नका. पश्चिमेच्या मोठ्या ठिकाणी सुट्टीच्या दिवसांत ते माणशी तीनशे डॉलरच्याही वर जातं. सीझन पास घेतला तर चार-पाच दिवसांत पैसे वसूल होतात, आणि तोच पास घरीही चालतो. एपिक पासवर हंटर, ओकीमो, स्टो आणि व्हेल, ब्रेकेनरिज, पार्क सिटी. आयकॉन नावाच्या दुसऱ्या पासवर कॅमलबॅक, किलिंग्टन आणि पश्चिमेला स्नोबर्ड, आल्टा. स्वस्तातला पास घेताना बारीक अक्षरं वाचा, काही डोंगर आणि सुट्टीचे दिवस त्यातून वगळलेले असतात. पास वसंत ऋतूत सर्वांत स्वस्त मिळतो, डिसेंबरात विक्री बंद होते. मुलं तिसरी ते पाचवीत असतील तर न्यू यॉर्क, पेनसिल्व्हेनिया आणि व्हरमाँट या राज्यांच्या मुलांसाठीच्या पास योजना नक्की बघा. अगदी थोड्या पैशांत कितीतरी डोंगर फिरता येतात आणि त्यासाठी त्या राज्यात राहण्याची अट नाही. आमची लेक चौथीत होती तेव्हा आम्ही त्याच्या जोरावर अख्खा हिवाळा काढला. डबा घरचा न्यायचा. पूर्वेच्या लॉजमध्ये सगळेच शिदोरी सोडून बसतात, आमच्या गूळपोळ्या आणि मेथीचे ठेपले बघून शेजारच्या टेबलावरची माणसं हमखास विचारतात.

दोन्हींच्या मधला पर्याय व्हरमाँट, आणि माझ्या मते आपण त्याला न्याय देत नाही. मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. थंडीचा दात पडलेला असतो, दुपारी बर्फ मऊ होतो, गर्दी ओसरलेली असते आणि गावागावांत मेपलचा रस उकळत असतो. किलिंग्टन तर मेपर्यंत चालू राहतं. ज्यांना विमानाचा खर्च झेपत नाही त्यांनी मन अजिबात खट्टू करू नये, मार्चमधलं व्हरमाँट मला फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स वीकच्या सुट्टीतल्या कोलोरॅडोपेक्षा केव्हाही जास्त आवडतं.

गेलातच पश्चिमेला तर बूट स्वतःचे न्या, तेही विमानात हातातल्या बॅगेत. स्की मात्र तिथेच भाड्याने घ्या. आपल्या टणक बर्फाच्या अरुंद स्की तिथल्या भुसभुशीत बर्फात बुडतात, तिथे रुंद स्की लागतात. मागे एकदा तिथल्या एका दुकानाने माझ्या नवऱ्याला एक नंबर मोठे बूट दिले, दुपारपर्यंत नखं काळी पडली आणि उरलेले दोन दिवस तो लॉजमध्ये बसून होता.

वहिनींना मी शेवटी असं आखून दिलं. डिसेंबरात ईस्ट रदरफोर्डच्या अमेरिकन ड्रीम मॉलमधल्या बिग स्नोमध्ये, म्हणजे छताखालच्या बर्फाच्या उतारावर दोन तास, म्हणजे मुलांचे पाय पुन्हा वळतील. जानेवारीपासून हंटरला किमान सहा रविवार, त्यातले पहिले तीन शिकवणीसह. मार्चमध्ये ओकीमोला दोन रात्री. तिथे धाकटी निळ्या उतारावरून एका दमात खाली आली, तर एप्रिलमध्ये पास आणि ऑगस्टमध्ये सॉल्ट लेकची तिकिटं एकत्रच काढू. त्यापुढच्या वर्षीचा जानेवारीचा शेवटचा आठवडा मोकळा ठेवा, असं भाऊजींना सांगून ठेवलंय.