हालचाली मोजणारे अ‍ॅप आणि शंभर पानी वही : अकरा आठवड्यांनंतर

२८ व्या आठवड्यात डॉक्टरांनी बाळाच्या हालचालींकडे रोज लक्ष ठेवायला सांगितले, तेव्हा मी एक मोफत अ‍ॅप फोनवर घेतले आणि ३९ व्या आठवड्यात बाळंत होईपर्यंत ते वापरले. वापर सोपा आहे. जेवणानंतर डाव्या कुशीवर पडायचे, घड्याळ सुरू करायचे आणि प्रत्येक हालचालीला पडद्यावरचे इवलेसे पाऊल दाबायचे. दहा झाल्या की किती मिनिटे लागली ते दिसते आणि हिरवी खूण उमटते.

हालचाल कशाला म्हणायचे, हे मात्र अ‍ॅप कुठेच सांगत नाही. एका रात्री माझ्या दहा हालचाली मिनिटभरातच पूर्ण झाल्या आणि मी खूश झाले. ओटीपोटात एकाच जागी, एका तालात पडणारे ते ठोके बाळाच्या उचक्या होत्या, आणि त्या मोजायच्या नसतात, हे सिस्टरांकडून कळले. शिवाय अ‍ॅप दोन तासांत दहा म्हणते, तर सिस्टर सकाळी नऊ ते रात्री नऊ या वेळात दहा म्हणत. बारा तासांचा हिशेब १९७६ साली कार्डिफमध्ये मांडलेल्या जुन्या पद्धतीतला आहे. माझी वार (प्लॅसेंटा) गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला असल्यामुळे लाथा मुळातच दबक्या जाणवत. वार कुठे आहे, हा प्रश्न अ‍ॅप विचारतही नाही.

खरी उणीव ३६ व्या आठवड्यात कळली. आमचे बाळ रात्रीच्या जेवणानंतर हमखास उजव्या बरगडीखाली ढोसायचे. त्या रात्री ते गप्प होते, पण सकाळची मोजणी पूर्ण झालेली असल्याने अ‍ॅपवर हिरवी खूण तशीच होती. पोटातले बाळ एका वेळी वीस ते चाळीस मिनिटे झोपते, हे मला ठाऊक होते. इथे दोन तास उलटून गेले होते. ‘दिवस भरत आले की जागा पुरत नाही, हालचाल कमी होतेच,’ अशी शेजारच्या काकूंनी समजूत घातली. हा समज चुकीचा आहे: हालचालींचा प्रकार बदलतो, पण त्या कमी होता कामा नयेत. आम्ही रात्रीच दवाखान्यात गेलो. पोटाला पट्टे बांधून एनएसटी, म्हणजे बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची तपासणी, केली, ती व्यवस्थित आली, आणि पुन्हा असे वाटले तर सकाळची वाट न पाहता या, असे डॉक्टरांनी बजावले.

त्यानंतर मी वही घातली. बाळ केव्हा जागे होते, कुठे ढोसते, कालच्यापेक्षा काय वेगळे, एवढ्या दोन ओळी रोज लिहिल्या आणि तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी त्याच वाचल्या. अ‍ॅप मी घड्याळापुरते चालू ठेवले. त्याच्या मोफत आवृत्तीत मागच्या सातच दिवसांच्या नोंदी दिसतात, त्याआधीच्या पाहायला पैसे मागतात. ते मी भरले नाहीत.