‘तू कोण आहेस?’ विचारणारं तीन दिवसांचं शिबिर: कुणासाठी, कसं, आणि कुठे फसतं

‘मी कोण?’ हा प्रश्न घेऊन एकट्याने बसलं की मन थोड्याच वेळात कामाच्या यादीकडे वळतं. ‘एन्लायटनमेंट इंटेन्सिव्ह’ या शिबिराची रचना नेमकी याच अडचणीवर बेतलेली आहे. चार्ल्स बर्नर यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियात ही पद्धत सुरू केली. दोघं समोरासमोर बसतात. एक म्हणतो, ‘मला सांग, तू कोण आहेस.’ दुसरा ५ मिनिटं बोलतो, घंटा होते, पाळी बदलते. ४० मिनिटं झाली की नवा जोडीदार. पहाटेपासून रात्रीपर्यंत हेच, सलग तीन दिवस.

यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ऐकणारा. त्याने मान डोलवायची नाही, धीर द्यायचा नाही, सल्ला तर मुळीच नाही. फक्त पूर्ण लक्ष द्यायचं. ‘मी आई आहे’ म्हटल्यावर समोरून ‘वा’ येत नाही, तेव्हा ते वाक्य बोलणारीलाच अपुरं वाटू लागतं. नाती आणि हुद्दे लवकर सांगून होतात. मग स्वभाव येतो, मग देह, मग विचार. ‘नेति नेति’, म्हणजे ‘मी हे नव्हे, तेही नव्हे’, हे पोथीत वाचणं सोपं. इथे ते एकेका उत्तरातून घडतं. दुसऱ्या दिवशी कंटाळा, झोप, चीड येते. ती आली म्हणजे शिबिर फसलं असं नाही. सांगायचं संपत आलंय, एवढंच.

फसतं ते दोन ठिकाणी. काही जण पाचही मिनिटं आयुष्याची हकिकत सांगतात. काही जण ‘मी आत्मा आहे’ हे पाठ उत्तर देतात; आवाज सपाट झाला की ते ओळखू येतं. उपाय एकच: आधी गप्प राहून आत पाहायचं आणि जे खरंच दिसलं तेवढंच बोलायचं. संचालकाने ही आठवण रोज करून द्यायला हवी. तोच तुमच्या उत्तरांचे अर्थ लावू लागला, तर ते शिबिर टाळा.

काही ठिकाणी जोडीला चिठ्ठ्यांचा सराव असतो. आई, नोकरदार अशा आपल्या दहा भूमिका दहा चिठ्ठ्यांवर लिहायच्या आणि सोडायला सोप्या भूमिकेपासून कठीण भूमिकेपर्यंत एकेक चिठ्ठी बाजूला ठेवायची. प्रत्येकीला निदान २ मिनिटं द्यावीत. शेवटच्या दोन चिठ्ठ्या बोटांतून सुटत नाहीत, कागद घामाने मऊ पडतो. खरं काम तिथेच असतं आणि नेमकी तिथेच घाई होते. चिठ्ठ्या जाळणं मला साफ चुकीचं वाटतं. त्याने रडू येतं, शोध थांबतो. चिठ्ठ्या पालथ्या ठेवाव्यात आणि शेवटी परत उचलाव्यात. घरी गेल्यावर आईपण, नोकरी, कर्तव्य सांभाळायचंच असतं. सोडायची ती ‘मी म्हणजे एवढंच’ ही पकड.

नुकताच जोडीदार गेला असेल, नोकरी सुटली असेल, किंवा मानसिक आजाराचे उपचार चालू असतील, तर सध्या जाऊ नका. भूमिका हिरावली जाणं वेगळं आणि ती आपण होऊन बाजूला ठेवणं वेगळं. बाकी जिज्ञासूंनी जरूर जावं, आणि परतल्यावर दोन दिवस तरी मोठे निर्णय घेऊ नयेत.