बाव्हारुआ की सेमीफ्रेडो: आदल्या दिवशी काय करून ठेवावं?

घरी आठ-दहा माणसं जेवायला येणार आणि शेवटचं गोड आदल्या दिवशीच तयार असायला हवं, तर फेटलेली अंडी आणि क्रीम यांच्या जोरावर उभे राहणारे दोन पदार्थ डोळ्यांसमोर येतात. एक फ्रेंच बाव्हारुआ, म्हणजे कस्टर्ड, जिलेटिन आणि फेटलेलं क्रीम साच्यात लावून फ्रिजमध्ये सेट केलेलं. दुसरा इटालियन सेमीफ्रेडो. त्यात बलक आणि पांढरं वेगवेगळं फेटून क्रीममध्ये मिसळतात आणि आइस्क्रीमचं मशीन न वापरता थेट फ्रीझरमध्ये गोठवतात. दोन्ही ताटलीत देखणे दिसतात आणि दोन्हींत पाहुण्यांसमोर करण्यासारखं काम जवळपास उरत नाही. मी दोन्ही करतो, पण माझा हात आता एकाकडेच जातो. का, ते पुढे येईलच.

आधी क्रीमबद्दल, कारण इथे चुकलं तर दोन्ही पदार्थ सारखेच फसतात. दुकानात सहज मिळणारं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम कितीही फेटलं तरी आकार धरत नाही. फॅट ३५ टक्क्यांच्या आसपास हवं. गोड नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम फुगतं भरपूर, पण सेमीफ्रेडोत टाळूवर मेणासारखा थर ठेवतं. बाव्हारुआत ते थोडं खपून जातं. तिथे तेच वापरायचं असेल तर कृतीतली साखर निम्मी करा. एप्रिल-मेमध्ये भांडं आणि बीटरच्या काड्या १५ मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवल्याशिवाय क्रीम फेटायला घेऊ नका. आणि दोन्हीकडे ते टोकं नुसती वाकतील इतपतच फेटायचं. कडक फेटलेलं क्रीम मिसळताना आणखी फेटलं जातं आणि लोण्याचे कण सुटतात.

अंड्यांचंही तसंच. परदेशी कृतीतलं अंडं आपल्या दुकानातल्या नेहमीच्या अंड्यापेक्षा बहुधा मोठं असतं. म्हणून अंडी मोजण्यापेक्षा बलक तोलून घ्यावा.

बाव्हारुआ

साधारण एक लिटरच्या साच्याला दूध २५० मिली, बलक ७५ ग्रॅम (चार ते पाच अंडी), साखर ७५ ग्रॅम, जिलेटिन पावडर ८ ग्रॅम, ती भिजवायला ४० मिली गार पाणी, क्रीम २५० मिली आणि व्हॅनिला. बलक-साखर घोटून त्यावर गरम दूध ओतायचं आणि मंद आचेवर ८२ ते ८४ अंशांपर्यंत सतत ढवळत न्यायचं. ८५ च्या पुढे गेलं की तळाशी अंड्याच्या कण्या दिसू लागतात. भिजलेलं जिलेटिन गरम कस्टर्डमध्येच विरघळवून ते गाळून घ्यायचं. इथवर काहीच अवघड नाही, पायसासारखी खीर आटवणाऱ्या हाताला तर मुळीच नाही.

अवघड आहे ते यानंतरचं. हे कस्टर्ड गार करून त्यात क्रीम मिसळायचं, पण नेमकं कधी? ३० अंशांच्या वर असेल तर क्रीममधलं फॅट वितळतं, हवा निघून जाते आणि साच्यात दोन थर पडतात: खाली चिवट जेली आणि वर फेसाळ क्रीम. फार गार झालं तर जिलेटिन भांड्याच्या कडेने आणि तळाशी आधी आवळतं. मग क्रीम मिसळताना त्याच्या गाठी होतात, त्या फोडायला जोर लावला की क्रीम बसतं. हवा तो टप्पा २२ ते २५ अंशांच्या आसपासचा. बर्फाच्या पाण्यात भांडं ठेवलेलं असेल तर तिथून पुढे सगळं एक-दोन मिनिटांत घडतं. तेवढ्यात कुणी दाराची बेल वाजवली तर आल्यावर कस्टर्ड घट्ट झालेलं असतं.

यावर उपाय आहेत. बर्फाच्या पाण्याऐवजी नुसत्या गार पाण्यात ठेवून रबरी स्पॅच्युलाने कडा सतत खरवडत राहायचं. आधी एक-तृतीयांश क्रीम मिसळून दोन्हींचा दाटपणा जुळवायचा आणि मग उरलेलं घालायचं. गाठी झाल्याच तर भांडं कोमट पाण्यावर अर्धा मिनिट धरून कस्टर्ड पुन्हा सैल करता येतं, मात्र क्रीम पडण्यापूर्वीच. पण उपाय माहीत असणं वेगळं आणि दर वेळी भांड्यापाशी डोळ्यांत तेल घालून उभं राहणं वेगळं. ज्या दिवशी घरात स्वयंपाकाची बाकीची गडबड असते, नेमक्या त्याच दिवशी हा पदार्थ पूर्ण लक्ष मागतो. माझ्यासाठी पारडं झुकलं ते इथे.

मग 'जिलेटिनऐवजी चायना ग्रास घालू' असं सुचतं. शिवाय जिलेटिन प्राणिज असल्याने अंडं खाणाऱ्या पण मांस न खाणाऱ्या पाहुण्यांचाही प्रश्न सुटेल असं वाटतं. पण इथे चायना ग्रास उपयोगाचं नाही. ते विरघळायला उकळावं लागतं आणि बलकाचं कस्टर्ड उकळता येत नाही, म्हणून ते वेगळ्या पाण्यात शिजवून घालावं लागतं. ते जमवलं तरी चायना ग्रास ३५ ते ४० अंशांवरच आवळतं. म्हणजे क्रीम घालण्याजोगं गार व्हायच्या आत कस्टर्ड घट्ट झालेलं असतं आणि घट्ट झालेलं मोडून क्रीममध्ये मिसळलं की तोंडात रवाळ लागतं. पाहुण्यांत मांस न खाणारे असतील तर बाव्हारुआचा विचार इथेच सोडलेला बरा.

फळांचंही पथ्य आहे. कच्चा अननस, पपई, किवी यांतली एन्झाइम्स जिलेटिन तोडतात. रात्रभर ठेवूनही साच्यात नुसतं घट्टसर दूध मिळतं. अननस पाच मिनिटं उकळून घेतला की चालतो.

साच्यातून काढताना धातूचा साचा गरम पाण्यात पाच-सहा सेकंद बुडवायचा, बोटाच्या टोकाने कड जरा आत ओढून हवा शिरू द्यायची आणि मग ताटलीवर पालथा घालायचा. ताटली आधी पाण्याने ओली करा, म्हणजे पदार्थ मध्यभागी पडला नाही तरी अलगद सरकवता येतो. सहा तासांत तो सेट होतो, पण जिलेटिनचं आवळणं पुढेही चालूच राहतं. आज रात्री लावलेला उद्या दुपारी उत्तम, परवा किंचित रबरी. दोन दिवस आधी करायचा असेल तर जिलेटिन ७ ग्रॅमवर आणा.

सेमीफ्रेडो

लांबट केक टिनसाठी बलक ८५ ग्रॅम (सुमारे पाच), पांढरं ७० ग्रॅम (दोन अंड्यांचं), साखर ६० आणि ६० ग्रॅम अशी दोन वाट्यांत, दूध किंवा रम ३० मिली, क्रीम ३०० मिली, चिमूटभर मीठ. टिनला आधी क्लिंग फिल्म लावा, चारही बाजूंनी लोंबेल इतकी. टिन आतून ओला केला की फिल्म नीट चिकटते.

कामाचा क्रम महत्त्वाचा आहे: आधी पांढरं, मग बलक, शेवटी क्रीम. पांढऱ्यात फॅटचा अंश गेला तर ते फुगत नाही, पण बलकात पांढऱ्याचा किंवा क्रीममध्ये बलकाचा अंश गेला तर काही बिघडत नाही. या क्रमाने गेलं की बीटरच्या काड्या मध्ये धुवाव्या लागत नाहीत.

पांढरं आणि ६० ग्रॅम साखर उकळीच्या किंचित खालच्या पाण्यावर भांडं धरून ७१ अंशांपर्यंत ढवळत न्यायचं. भांड्याचा तळ पाण्याला टेकता कामा नये. मग बाजूला घेऊन चकचकीत, टोकं धरणारं होईपर्यंत फेटायचं. त्याच पाण्यावर बलक, उरलेली साखर आणि दूध हातविस्कने आठ-दहा मिनिटं फेटत ७२ अंशांपर्यंत आणायचं. कडेला चिकटलेलं खरवडत राहा, नाहीतर तिथे ऑम्लेट होतं. एवढ्या तापमानाला दोन्ही भाग तापल्यामुळे कच्च्या अंड्याची धास्ती राहत नाही. जुन्या घरगुती कृतींत कच्चंच पांढरं फेटून घालतात. आपल्याकडची अंडी अनेकदा फ्रिजबाहेरच विकली जातात, तेव्हा तो धोका कशाला पत्करायचा?

बलक आचेवरून उतरवल्यावर भांड्याचा तळ हाताला गार लागेपर्यंत बीटरने फेटायचा. ही पायरी लोक घाईत उरकतात आणि मग तक्रार येते की टिनच्या तळाशी पिवळट, बर्फासारखा कडक थर बसला. तो थर म्हणजे कमी फेटलेला किंवा कोमट असताना मिसळलेला बलक. क्रीम वितळून सगळं द्रव खाली उतरलेलं असतं. बीटर उचलल्यावर पडणारी धार पृष्ठभागावर तीन-चार सेकंद रेघ ठेवून राहिली पाहिजे. मग बलकात क्रीम आणि शेवटी पांढरं, तळातून वर उचलत हलक्या हाताने मिसळायचं. पांढऱ्याचे एखाद-दोन पट्टे दिसत असतानाच थांबलात तरी चालेल.

या सगळ्यात घड्याळ तुमच्या मागे लागलेलं नसतं, ही सेमीफ्रेडोची खरी सोय. फेटलेलं पांढरं साखरेमुळे पाव तास तग धरतं, बलक गार झाल्यावर तसाच थांबतो, क्रीम फ्रिजमध्ये वाट बघतं. मध्ये फोन आला तर घेता येतो.

याच्याही मागण्या आहेत. साखर कमी करता येत नाही. आपल्याकडे 'थोडं कमी गोड' अशी फर्माईश ठरलेली, पण इथे साखर गोडीइतकीच मऊपणासाठी असते. ती पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. १२० ग्रॅमची ८० केलीत तर सुरी शिरणार नाही अशी वीट हातात येते. गोठल्यावर जिभेला गोडी तशीही कमी जाणवते, म्हणून मिश्रण चाखताना जरा जास्त गोड लागलं तर ते बरोबर आहे. गोडीला तोड हवी असेल तर मीठ, कडू कोको किंवा लिंबाची किसलेली साल घाला. रम दोन टेबलस्पूनच्या पुढे गेली तर मात्र उलटं होतं, मधला भाग गोठतच नाही.

आत घालायला इटलीत साखरेत परतलेले बदाम-हेझलनट कुटून वापरतात. आपल्याकडे चिक्की आयती आहे. काजूची किंवा शेंगदाण्याची १०० ग्रॅम चिक्की खलबत्त्यात ज्वारीच्या दाण्याएवढी कुटा, चाळून पीठ काढून टाका आणि सगळ्यात शेवटी मिसळा. सेमीफ्रेडोत ती दोन-तीन दिवस कुरकुरीत राहते, कारण आजूबाजूचं बहुतेक पाणी गोठलेलं असतं. हीच चिक्की बाव्हारुआत रात्रभरात ओलावा ओढून विरघळते आणि तिच्याजागी तपकिरी, चिकट डाग उरतात.

आंब्याच्या बाबतीत मात्र बाव्हारुआ सरस ठरू शकतो, हे मान्य करायला हवं. त्यात रस न शिजवता घालता येतो, म्हणून हापूसचा वास जसाच्या तसा राहतो. सेमीफ्रेडोत रस थेट घातला तर त्यातल्या पाण्याचे खडे होतात. ३०० ग्रॅम रस मंद आचेवर १८० ग्रॅमवर आटवून, पूर्ण गार करून घालावा लागतो आणि आटवताना वासाचा वरचा नाजूक भाग उडतो. मी अशा वेळी ताज्या आंब्याच्या फोडी ताटलीत शेजारी देतो. आत फोडी घालू नका, त्या दगडासारख्या गोठतात.

तुमचा फ्रिज काय म्हणतो

खरा निर्णय बऱ्याचदा इथेच होतो. सेमीफ्रेडोला उणे १८ अंशांचा फ्रीझर लागतो. एकदारी फ्रिजचा वरचा कप्पा उन्हाळ्यात तिथवर पोचेलच असं नाही. साधी परीक्षा अशी: तुमच्या फ्रीझरमधलं विकतचं आइस्क्रीम बाहेर काढल्याबरोबर चमच्याने सहज निघत असेल, तर सेमीफ्रेडो तिथे रात्रभरात कापण्याजोगा होणार नाही. वीज दोन-दोन तास जात असेल तरीही विचार करा. अर्धवट वितळून पुन्हा गोठलेला सेमीफ्रेडो खरखरीत होतो आणि तो सुधारत नाही. बाव्हारुआ मात्र दार बंद ठेवलं तर एवढं सहन करतो. अशा घरांसाठी माझं मत बाव्हारुआच्या बाजूने, आणि तेव्हा क्रीम मिसळेपर्यंतचा तेवढा अर्धा तास दुसरं कुठलंही काम हातात घेऊ नका.

फ्रीझर चांगला असेल तर मी दुसऱ्यांदा विचार करणार नाही. सेमीफ्रेडो दोन तासांत वरून घट्ट झाला की लोंबणारी फिल्म त्यावर दाबून बसवा आणि टिन आणखी एका पिशवीत घाला. फ्रीझरमधल्या मासळीचा किंवा आलं-लसूण पेस्टचा वास क्रीम फार पटकन ओढून घेतं. आठ तासांत तो तयार होतो आणि आठवडाभर चांगला राहतो, म्हणजे रविवारच्या पाहुण्यांसाठी बुधवारी रात्री करून मोकळं होता येतं.

वाढण्यापूर्वी तो ओट्यावर काढून ठेवू नका. मुंबईच्या हवेत दहा मिनिटांत कडा ओघळतात आणि गाभा कडकच राहतो. त्याऐवजी टिन २० मिनिटं फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे तो सगळीकडून सारखा सैल होतो. मग फिल्मला धरून बाहेर उचला, सुरी गरम पाण्यात बुडवून पुसून घ्या आणि दोन सेंटिमीटर जाडीचे काप करा, प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसून. ताटल्या आधीच फ्रिजमध्ये गार करून ठेवल्या असतील तर शेवटच्या पाहुण्यापर्यंत काप उभा पोचतो.