व्हॉल्व ट्यूब आणि माचिसच्या काड्या: पेटीबंद खेळण्यांपुढे कशा टिकतात

सायकलच्या व्हॉल्ववर जी बारीक काळी रबरी नळी चढवतात, तिचे दीड-दोन सेंटीमीटरचे तुकडे म्हणजे सांधे. माचिसच्या काड्या म्हणजे बल्ल्या. एवढ्या दोन वस्तूंवर त्रिकोणापासून गोठ्याच्या छपराच्या कैचीपर्यंत बरंच काही उभं राहतं. 'मुलांची कल्पकता वाढवा' असं छापलेल्या रंगीत पेट्या आता तालुक्याच्या दुकानांतही आल्या आहेत. त्यांच्या शेजारी हे सामान अगदीच गरीब दिसतं. तरीही जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी किंवा घरच्या लेकरांसाठी दोन्हीतलं एक निवडायचं असेल, तर हेच घ्या. पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कशासाठी कापला, ते पुढे येईलच.

ही जोडी अरविंद गुप्ता यांनी लोकांपर्यंत नेली. आयआयटी कानपूरचे हे इंजिनिअर 1978 साली टेल्कोतून (आजची टाटा मोटर्स) रजा घेऊन होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. मध्य प्रदेशातलं होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम, म्हणजे आपल्या मेळघाटावरून सातपुडा ओलांडला की फार लांब नाही. तिथे खेड्यातल्या शाळांसाठी आठवडी बाजारात मिळेल तेवढ्याच सामानावर विज्ञान उभं करायचं होतं, आणि त्यातून हा संच आकाराला आला. पुढे 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हाताच्या कामातून डोकं चालवायची ही वाट वर्ध्याला नवी नाही. 1937 ची गांधीजींच्या नई तालीमची परिषद तिथेच भरली होती. गंमत अशी, की आज वर्ध्याच्या आसपासच्या शाळांतही ट्यूब आणि काड्या क्वचितच दिसतात, आणि भिंतीवर 'कृतीयुक्त शिक्षण' मात्र ठळक रंगात लिहिलेलं असतं.

आता खरेदी. मोठी दुकानं फिरू नका. जुन्या उभ्या सायकली जिथे अजून दुरुस्त होतात, अशा तालुक्याच्या किंवा बाजाराच्या गावातल्या दुकानात जा आणि 'वालट्यूब' मागा. गिअरच्या नव्या सायकलींना मोटरसायकलसारखा व्हॉल्व असतो, त्याला ही नळी लागत नाही. त्यामुळे काही दुकानदार आता ती ठेवतच नाहीत, किंवा वर्षानुवर्षं दारात टांगलेली देतात. ती तपासून घ्या. बोटभर तुकडा दुप्पट ताणून सोडा. लगेच मूळ लांबीवर आला तर माल चांगला. मग तो दुमडून वाकाजवळ पाहा. बारीक भेगा दिसल्या तर रबर उन्हाने मेलेलं आहे आणि काडी घालताच फाटणार. हाताला चिकटत असेल तरीही नको. वर पांढरी भुकटी असेल तर हरकत नाही, ती शंखजिऱ्याची असते.

माचिस लाकडी काड्यांचीच पाहिजे. मेणाची काडी नळीत शिरताना वाकते. डिसेंबर 2021 मध्ये माचिस एक रुपयाची दोन रुपयांची झाली आणि पेटीतल्या काड्या 36 वरून 50 झाल्या, त्यावरून हिशोब सोपा जातो. तीस मुलांच्या वर्गाचे तिघातिघांचे दहा गट धरा. गटाला 40 काड्या आणि 25 सांधे पुरतात. म्हणजे 400 काड्या, आठ पेट्या. मोडतोडीसाठी दोन जास्तीच्या धरल्या तरी वीस रुपये. नळी पावणेचार मीटर लागते, पाच मीटर घ्यावी.

काड्यांचे गूल मोठ्या माणसानेच काढायचे, आणि घासून नव्हे, मोडून. गुलात पोटॅशियम क्लोरेट असतं. ब्लेडने खरवडताना घर्षणाने पेट घ्यायचा धोका असतो, आणि मोडलेल्या गुलांचा ढीग एकदम भडकू शकतो. शेजारी पाण्याचं टमरेल ठेवा, गूल थेट त्यात टाका, आणि काम संपल्यावर पेटीची घासपट्टीही फाडून वेगळी करा. शहरात हस्तकलेच्या सामानाच्या दुकानात बिनगुलाच्या काड्या मिळतात. कोणी अमरावती-नागपूरला जात असेल तर त्याच मागवा. अगरबत्तीच्या काड्या वापरून पाहायचा मोह होतो, पण त्या बारीक असल्याने सांध्यातून निसटतात.

सांधा करताना कात्री नळीला काटकोनात लावा. तिरका कापलेला तोंडाचा भाग दुसऱ्या-तिसऱ्या वापरात चिरतो. दोन काड्यांच्या सांध्याला दीड सेंटीमीटर पुरे. तीन काड्यांच्या सांध्याला मात्र दोन सेंटीमीटर लागतात, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. तुकड्याच्या बरोबर मध्ये एका बाजूने भोक पाडायचं. सुईने पाडलेलं भोक फार बारीक असतं, मग जाड काडी रेटली की रबर चिरत जातं. त्यासाठी बाभळीचा काटा उत्तम. तो टोकाला सुईसारखा आणि बुडाशी जाड असतो, त्यामुळे भोक हळूहळू रुंदावतं आणि कडा शाबूत राहतात. काटा वाळलेला, सरळ, बोटभर लांबीचा निवडा, हिरवा वाकतो. भोकात जाणाऱ्या काडीचं टोक खरबरीत फरशीवर घासून निमुळतं करा. आणि नळीच्या दोन्ही तोंडांतून घातलेल्या काड्या मध्ये भिडू देऊ नका, तीन-चार मिलीमीटर जागा मोकळी ठेवा. ती नसली की तिसरी काडी आत शिरतच नाही, मूल जोर लावतं, काडी मोडते, आणि 'हे सामानच वाईट' असा निष्कर्ष निघतो. चार काड्यांसाठी एका तुकड्यातून दुसरा ओवायची रीत आहे, पण लहान मुलांच्या हाताला ती जमत नाही. त्यापेक्षा दोन तुकडे फुलीसारखे ठेवून मध्ये दोऱ्याने गच्च बांधा. तीन तुकडे बांधले की सहा तोंडं मिळतात.

एवढं सामान हाती आलं की खरा खेळ सुरू होतो. मुलांना आधी चौकोन करू द्या. तो बोटाने ढकलला की पतंगासारखा तिरपा होतो. त्रिकोण ढकला, हलत नाही. हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि बोटाला जाणवणं वेगळं. मग मोजून बारा काड्या द्या आणि सांगा, यातून अशी वस्तू करा जी दाबली तरी कलणार नाही. जवळजवळ सगळे गट पेटीसारखा घन करतात. आठ सांधे, बारा काड्या, दिसायला भक्कम, आणि हात लावला की लोळण घेतो. त्याच बारा काड्यांत सहा सांध्यांवर अष्टफलक होतो, म्हणजे बुडाला बूड लावलेले दोन मनोरे. तो दाबला तरी हलत नाही, कारण त्याच्या आठही बाजू त्रिकोण आहेत. काड्या तेवढ्याच, फरक फक्त जोडणीचा. हा शोध मुलांचा त्यांनाच लागू द्या. गुरुजींनी आधी फळ्यावर आकृती काढली की खेळ संपला.

घनाला सरळ उभा ठेवायचा हट्ट धरणारा एखादा गट निघतोच, आणि तो सगळ्यात जास्त शिकतो. घनाला आणखी सहा तिरप्या काड्या लागतात, सहा बाजूंना एकेक. हिशोब असा: सांध्यांची संख्या तिप्पट करा, सहा वजा करा, तेवढ्या काड्या असल्याशिवाय अशी चौकट ताठ उभी राहत नाही. घनाला आठ त्रिक चोवीस, वजा सहा, अठरा. अष्टफलकाला सहा त्रिक अठरा, वजा सहा, बारा. पण आखूड काडी कर्णाला पुरत नाही, कर्ण चौकोनाच्या कडेच्या 1.41 पट असतो. सांध्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत कड 4.3 सेंटीमीटर भरली, तर कर्ण 6 च्या थोडा पुढे जातो. अशा वेळी खराट्याची जाड काडी कापून घाला. काडी नसेल तर दोरा चालतो, मात्र प्रत्येक बाजूला दोन्ही कर्ण बांधावे लागतात, कारण दोरा ओढ धरतो, रेटा धरत नाही. बाज कलती झाली की दावण ताणून ती सरळ करतात, त्यातलंच हे.

आठवी-नववीच्या मुलांना वहीत तीन रकाने आखायला लावा: सांधे, काड्या, बाजू. चतुष्फलक 4, 6, 4. घन 8, 12, 6. अष्टफलक 6, 12, 8. सांध्यांतून काड्या वजा करून बाजू मिळवा, दर वेळी दोन येतात. हेच ऑयलर या गणितज्ञाचं सूत्र, आणि ते हातानं घडवून सापडलं की मूल विसरत नाही.

कल्पकतेच्या दृष्टीने सगळ्यात मोठी चूक म्हणजे नमुना देणं. पेटीबंद खेळण्यांचा मूळ दोष तोच आहे: झाकणावर किल्ल्याचं चित्र असतं, मूल तेवढा किल्ला करतं, दोन तुकडे सोफ्याखाली गेले की पेटी माळ्यावर जाते. ट्यूब-काड्यांतही सगळ्यांना एकसारखा घन करायला लावला तर तोच प्रकार होतो. त्याऐवजी गरज सांगा आणि साधनं मोजून द्या. तीस काड्यांत वीतभर उंचीचं राखणीचं मचाण, वर कंपासपेटी ठेवली तरी उभं राहिलं पाहिजे. रानडुकरांपायी वावरात मचाण बांधलेलं प्रत्येक मुलाने पाहिलेलं असतं, त्यामुळे वाद लगेच सुरू होतो. पहिल्या फेरीत पाय फाकतात. मग कोणीतरी पायांना खालून आडवी काडी बांधतं, तेव्हा मचाण पिळतं. नंतर तिरपी काडी सुचते. हा क्रम मुलांनी स्वतः पार करायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. मध्येच तोंड उघडायचं नाही. गटात तिघांपेक्षा जास्त मुलं नकोत, चौथं नुसतं बघत बसतं. झालेली वस्तू वहीत काढून, सांधे मोजून, मग मोडायची. प्रदर्शनासाठी म्हणून तिच्यावर फेविकॉल ओतला की ती कायमची शोभेची होते आणि काड्याही गेल्या.

हे मोठ्यांच्याही कामाचं आहे, फक्त लाज बाजूला ठेवावी लागते. खुराडं, गोठा, भाजीच्या वेलांचा मांडव, बचत गटाच्या विक्रीचा तंबू, काहीही बांधायच्या आधी एक काडी म्हणजे एक मीटर धरून छोटं करून पाहा. साधारण पंचवीसास एक हे प्रमाण येतं. कुठली तिरपी बल्ली राहून गेली ते बांबू आणायच्या आधी कळतं. मात्र यावरून बल्लीची जाडी किंवा टिनाचं वजन ठरवू नका. चौकट कलते का, एवढंच हे सांगतं. अवकाळीच्या वादळात पत्रे कशाने उडतील, ते सांगत नाही. त्यासाठी गावातला अनुभवी सुतारच विचारावा.

आता कापलेला अर्धा गुण. रबर टिकत नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात टिनाच्या खोलीत ठेवलेले सांधे पुढच्या सत्रापर्यंत कडक होतात. पावसाळ्यात काड्या फुगून अडकतात आणि ओढताना सांधा फाटतो, तर एप्रिलात त्याच सुकून सैल पडतात. सांधे शंखजिऱ्याची भुकटी लावून, झाकणाच्या डब्यात, सावलीत ठेवले तर निभतात. तरी दरवर्षी नळी नवी घ्यायची तयारी ठेवा. अगदी लहान मुलांच्या, म्हणजे पहिलीच्या खालच्या वर्गात हे देऊ नये, तुकडे तोंडात जातात. त्यांना पोळ्याच्या सुमाराची चिकणमाती बरी.

ज्यांना ट्यूब मिळतच नाही, त्यांच्यासाठी ज्वारीचा धांडा आणि बाभळीचे काटे हा जुना पर्याय आहेच. धांडा सोलून आतल्या मऊ गाभ्याचे तुकडे करायचे आणि सालीच्या पट्ट्यांनी, काट्यांनी जोडायचे. बैलबंड्या, वखर, चष्मे असेच व्हायचे. सोयाबीनने ज्वारी मागे सारली तसे धांडेही दुर्मिळ झाले. आणखी एक दोष असा, की गाभ्यातलं भोक एकदा सैल झालं की तो तुकडा बाद, पुन्हा जोडता येत नाही. चुकून पाहायची मोकळीक ट्यूबमध्ये जास्त.

मोठं काही करायचं असेल तर तुरीच्या वाळलेल्या तुराट्या घ्या, कपाशीच्या पऱ्हाट्या नकोत, त्या वाकड्या आणि फाटेदार असतात. पंक्चरवाल्याकडची बाद झालेली सायकलची ट्यूब आडवी कापून बोटभर रुंदीच्या रिंगा करा आणि फुलीवर दोन-तीन वेढे देऊन अडकवा. मुलं आत बसतील एवढा त्रिकोणी मांडव तासाभरात उभा होतो. तुराट्या गोळा करायच्या तर मळणी झाल्याबरोबर करा. उन्हाळ्यात त्या चुलीत जातात.