किट थ्रू-होल ठेवायचं की एसएमडी?

नाशकात शाळा-कॉलेजच्या पोरांना ५५५ टायमर आयसीचं एलईडी फ्लॅशर (दिवा लुकलुकवणारं) किट विकायचं असेल तर माझं मत सरळ थ्रू-होलला (पार्टचे पाय बोर्डाच्या भोकांत घालून सोल्डर करायचे), कारण डीआयपी, म्हणजे दोन बाजूंना पायांची रांग असलेल्या आयसीच्या पिनांत २.५४ मिमी अंतर असतं, २५ वॅटचं साधं सोल्डरिंग आयर्न पुरतं आणि सॉकेट दिलं की आयसी उलटी बसली तरी काढून परत लावता येते (उलटीला पॉवर दिली तर मात्र बहुतेक गेलीच).

एसएमडीत (भोकं नाहीत, बारीक पार्ट बोर्डाच्या वरच सोल्डर करायचे) ०८०५ मापाचा रेझिस्टर म्हणजे २ बाय १.२५ मिमी, चिमटा पाहिजे, पंखा बंद पाहिजे, शिंक आली की गेला फरशीवर, मग बसा टॉर्च मारत. रेझिस्टरवर निदान १०३ (१० पुढे तीन शून्यं) वाचून १० किलोओहम कळतं, सिरॅमिक कपॅसिटरवर तर काही छापलेलंच नसतं, म्हणजे प्रत्येक पुडीवर लेबल चिकटवणं आलं.

पण सातपूर-अंबडच्या कारखान्यांत नोकरी बघणारा आयटीआयवाला असेल तर त्याला एसएमडीच द्या, आता कंपन्यांत बहुतेक बोर्ड तसलेच असतात. विकणाऱ्यालाही बोर्ड छोटा, पार्सल हलकं.

मला विचाराल तर सगळं थ्रू-होल ठेवा आणि सरावाला बोर्डाच्या कोपऱ्यात एक-दोन ०८०५ चे जादा पॅड (पार्ट सोल्डर करायच्या जागा) द्या, सरावाचा पार्ट हरवला तरी सर्किट अडत नाही.