टाकीची सावली आणि दोन गच्च्या: स्ट्रिंग की मायक्रो?

सोलर पॅनेलसाठी गच्चीचा सर्व्हे करायला माणूस आला तो मे महिन्यात. भर दुपारी गच्चीवर उभं राहून त्याने टाकीकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं आणि म्हणाला, "सावलीचा काही प्रश्नच नाही सर." खोटं बोलत नव्हता बिचारा. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडेच कललेला असतो. टाकीची सावली तिच्या पायाशी घुटमळते, तीही दक्षिणेला. डिसेंबरात हाच सूर्य दुपारी जेमतेम ४८ अंशांपर्यंत चढतो. गच्चीपासून आठ फूट उंच टाकीची सावली मग साडेबाराला सात फूट आणि साडेतीनला चौदा फूट होते. शिवाय टाकी कुठे, तर वास्तूप्रमाणे नैऋत्येला, म्हणजे हिवाळ्यातलं दुपारनंतरचं ऊन नेमकं जिकडून येतं तिथे. सोलर लावणाऱ्याने वास्तू पाहू नये असं नाही, पण वास्तू सांगणाऱ्याने सोलर पाहिलेलं नसतं एवढं खरं.

माझ्या पुण्याच्या गच्चीवर सहा पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये आहेत, म्हणजे माळेसारखी एकापुढे एक जोडून एकाच इन्व्हर्टरला (पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारं यंत्र) लावलेली. साताऱ्याला वडिलांच्या घरावर दीड वर्षापासून तेवढीच पॅनेल आहेत, पण तिथे प्रत्येकाखाली स्वतंत्र छोटा, म्हणजे मायक्रो इन्व्हर्टर आहे. टाकी दोन्हीकडे नैऋत्येलाच. त्यामुळे "काय घेऊ?" असं कुणी विचारलं की माझ्याकडे दोन्ही बाजूंचा पुरावा असतो. अर्थात दोन घरांचा पुरावा, त्याला काही प्रयोगशाळा म्हणता येणार नाही.

मायक्रो विकणारे हमखास एक वाक्य टाकतात: एका पॅनेलवर सावली पडली की अख्खी स्ट्रिंग बसते. हे अर्धंच खरं आहे. पॅनेल सिरीजमध्ये जोडलेली असल्याने सगळ्यांतून एकच करंट वाहतो हे बरोबर, पण प्रत्येक पॅनेलच्या मागच्या डबीत साधारण तीन बायपास डायोड असतात, म्हणजे करंटला आडवाट देणारे छोटे भाग, एकेक जण पॅनेलचा एकतृतीयांश हिस्सा सांभाळणारा. सेलवर सावली आली की करंट तेवढ्या एकतृतीयांश हिश्श्याला वळसा घालून पुढे जातो. नुकसान होतं ते तेवढ्या हिश्श्याचं. एक अडचण अशी की अशा वेळी कोणत्या व्होल्टेजला किती वीज मिळते या स्ट्रिंगच्या आलेखाला दोन-तीन टेकड्या येतात आणि इन्व्हर्टर कधीकधी बुटक्या टेकडीवरच बसून राहतो. यासाठी हल्लीच्या इन्व्हर्टरमध्ये सावलीसाठी वेगळी सेटिंग असते. माझ्याकडे ती होती, फक्त बंद होती. चालू करून दिली ती दुसऱ्या वर्षी, तीही मी मागे लागल्यावर.

पॅनेल उभं लावायचं की आडवं, याबद्दल तर कोटेशनमध्ये अवाक्षर नसतं. कठड्याची सावली खालच्या कडेवर पट्टीसारखी चढते. जुन्या पद्धतीचं पॅनेल उभं असेल तर ती चार बोटांची पट्टी तिन्ही डायोडच्या हिश्श्यांना एकदम शिवते आणि पॅनेल जवळजवळ बंद पडतं. तेच आडवं असतं तर एकच हिस्सा गेला असता. हाफ-कट पॅनेलचे वरचे आणि खालचे अर्धे एकमेकांना समांतर जोडलेले असतात, म्हणून ते उभं असलं तरी वरचा अर्धा चालू राहतो. माझी हाफ-कट होती, हे नशीब. मी काही विचारून घेतली नव्हती.

थोडक्यात, नुसत्या सावलीच्या हिशेबात स्ट्रिंग वाटते तितकी वाईट नाही. मग साताऱ्याला मायक्रो का लावले?

तर त्या आधीच्या नोव्हेंबरात माझ्या पुण्याच्या घरचे आकडे थोडे उतरले. तीन किलोवॉटला दिवसाला बारा युनिटं हा आपल्याकडचा ढोबळ हिशेब. हिवाळ्यात मला दहा-साडेदहा मिळायची, ती साडेनऊवर आली. मी म्हटलं, टाकी. डिसेंबरात म्हटलं, टाकीच. जानेवारीत आभाळ आलं, फेब्रुवारीत समोर बांधकामाची धूळ उडत होती. मार्चमध्ये सावली मागे सरकली, आकडे वर चढले आणि माझा संशयच गेला. एप्रिलमध्ये पॅनेल धुवायला आलेल्या पोराबरोबर त्यांचा वायरमन होता. माझ्या आग्रहाखातर त्याने प्रत्येक पॅनेल सोडवून मल्टिमीटर लावला. एकोणपन्नास व्होल्ट, एकोणपन्नास, एकोणपन्नास... चौथ्यावर तेहतीस. त्याने टोकं पुसून परत लावली, पुन्हा तेहतीसच. एक डायोड शॉर्ट होऊन बसला होता. एका पॅनेलचा एकतृतीयांश हिस्सा कायमचा गेलेला आणि मी सहा महिने टाकीला शिव्या देत होतो.

पैशांत मोजलं तर किरकोळ प्रकरण. अठरा हिश्श्यांतला एक हिस्सा, म्हणजे दिवसाला पाऊण युनिटसुद्धा नाही. पण मला ते फार लागलं. स्ट्रिंगचं ॲप संध्याकाळी एकच आकडा सांगतं. त्या आकड्यात ढग, धूळ, कबुतरं, सावली आणि बिघाड सगळं कालवलेलं असतं. गच्चीवर सावली नसती तर उतरलेला आकडा माझ्या डोळ्यांत खुपला असता. सावली असली की प्रत्येक गोष्टीला सबब तयार असते. वायरमन आणखी एक सांगून गेला: डायोड शॉर्ट झाला ते बरं, तो आतून तुटून करंटची आडवाटच बंद झाली असती तर रोज टाकीच्या सावलीत येणारे सेल तापून काळे पडले असते. तेही ॲपवर दिसलं नसतंच. मायक्रोच्या ॲपवर प्रत्येक पॅनेल वेगळं दिसतं, म्हणून साताऱ्याला ते.

मायक्रोच्या तक्रारीही सांगायला हव्यात. खर्च जास्त येतो, आणि तो सावलीतून वाचणाऱ्या युनिटांमधून वसूल होईल असं मला वाटत नाही, निदान माझ्या टाकीएवढ्या सावलीत तरी नाही. इलेक्ट्रॉनिक्स पॅनेलच्या पोटाखाली, चैत्र-वैशाखात तापणाऱ्या गच्चीवर असतं. साताऱ्याचा एक मायक्रो आठ महिन्यांतच गेला. वॉरंटीत बदलून मिळाला, पण माणूस पुण्याहून यायचा म्हणून तीन आठवडे लागले, आणि पॅनेल उचलायची मजुरी आमच्याच गळ्यात. पण तेवढे दिवस उरलेली पाच पॅनेल बिनतक्रार चालत होती. पुण्याचा स्ट्रिंग इन्व्हर्टर एका पावसाळ्यात रुसला तेव्हा नऊ दिवस सगळंच शून्य होतं. स्ट्रिंगच्या बाजूने इतकंच म्हणेन की तो जिन्यात भिंतीवर असतो, दुरुस्तीला कुणाला गच्चीवर वाकावं लागत नाही.

अनुदानात दोघांत फरक नाही. पीएम सूर्यघर या घरगुती सोलरच्या केंद्रीय योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपयेच मिळतात. फक्त क्षमता धरताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांपैकी जे कमी ते धरतात. सगळ्या मायक्रोंची बेरीज तीन किलोवॉटच्या खाली गेली तर अनुदानही खाली येतं. कोटेशनवर ही बेरीज स्वतः करून पाहा.

तिसरी वाटही आहे, स्ट्रिंग ठेवून सावलीतल्या पॅनेलांना ऑप्टिमायझर, म्हणजे त्या-त्या पॅनेलची वीज वेगळी सांभाळणारी डबी. मी वापरलेले नाहीत, म्हणून गप्प बसतो.

आणि एक लक्षात घ्या, मायक्रो लावला म्हणून सावलीत वीज तयार होत नाही. जे पॅनेल झाकलं ते गेलंच, फक्त शेजाऱ्याला ओढत नाही. त्यामुळे आधी फांदी छाटून होते का, डिश दुसऱ्या कोपऱ्यात हलते का, पॅनेल चार फूट उत्तरेला सरकतात का, ते बघा. नऊ ते चार गच्ची मोकळी असेल तर खुशाल स्ट्रिंग घ्या आणि उरलेल्या पैशांत धुण्यासाठी नळाचं कनेक्शन वर न्या. सावली हटणारीच नसेल, आणि आकडा उतरल्यावर कारण कळलं नाही तर झोप न लागणारे माझ्यासारखे असाल, तर मी मायक्रोच्या बाजूला थोडा झुकेन. थोडा म्हणजे, साताऱ्याला लावले इतका.

वडिलांना ॲप उघडायला शिकवलं तेव्हा वाटलं होतं, दोन दिवसांचं कौतुक असेल. आता डिसेंबर लागला की साडेतीनच्या सुमाराला फोन येतो. मोबाईलवर सहा चौकोन असतात, त्यातला एकेक फिका होत जातो. "चार नंबरवर टाकी आली रे," बाबा सांगतात. वीसेक मिनिटांनी पुन्हा फोन: "पाचवर गेली." गेल्या जानेवारीत एकदा मात्र सकाळी साडेदहालाच फोन आला. "अरे, दोन नंबर झोपलाय, आणि टाकी तर तिकडे नाहीये." वर जाऊन पाहिलं तर शेजाऱ्यांची वाळत घातलेली गोधडी वाऱ्याने उडून पॅनेलवर पडली होती.