क्लबचं स्टिकर: छापील की कापलेलं?

कार क्लबची वर्गणी भरली की किटमधलं कार्ड पाकिटात जातं, कीचेन ड्रॉवरमध्ये. वर्षभर ऊन-पाऊस खातं ते फक्त स्टिकर. तरी डिझाइन बदलताना बहुतेक क्लब मोबाइलवर लोगो बघून पसंत करतात आणि माल कुठला वापरायचा हे रेडियमवाल्यावर सोडतात. गोंधळ तिथेच होतो.

सर्रास वाटलं जातं ते मोनोमेरिक व्हायनलवरचं (स्वस्तातली, लवकर आक्रसणारी प्लॅस्टिक फिल्म) छापील स्टिकर, वर लॅमिनेशन म्हणजे पारदर्शक संरक्षक थर नाही. नवं असताना झकास दिसतं. मग लाल आणि पिवळा उडायला लागतात, व्हायनल आक्रसतं आणि उघड्या पडलेल्या गोंदावर धूळ बसून कडेने काळी रेघ उमटते. लॅमिनेशन घाईत केलं तरी फसतं: इको-सॉल्व्हंट शाई (अशा छपाईत वापरतात ती, द्रावक उडून सुकणारी) निदान 24 तास सुकली नाही तर गोंद मऊ पडून कोपरे उचलतात. चौकोनी कोपरे तर आधी उचलतात; 4-5 मिमी गोलाई द्यावी.

आमची पसंती प्लॉटरवर (संगणकावरून चालणारं कापायचं मशीन) कापलेल्या एकरंगी पॉलिमेरिक, म्हणजे कमी आक्रसणाऱ्या टिकाऊ व्हायनलला. त्यात रंग शाईचा नसतो, व्हायनलच्या अंगातच असतो. पण डिझाइन त्याला झेपणारं हवं: रेषा 2 मिमीपेक्षा बारीक नको, अक्षरं 10 मिमीपेक्षा बुटकी नकोत, ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात मिसळत जाणारी छटा) तर विसराच. देवनागरी नाव असेल तर फाइल देण्याआधी अक्षरं वेल्ड करून, म्हणजे जोडून एकच आकार करून घ्या. नाहीतर जिथे दोन अक्षरं एकमेकांवर चढतात तिथे प्लॉटर शिरोरेषाही कापतो आणि शब्दाचे तुकडे होतात. वेल्ड केल्यावर तीच शिरोरेषा अख्खा शब्द धरून ठेवते. अनुस्वाराचं टिंब मात्र जरा मोठं ठेवा, ते हमखास ट्रान्सफर टेपलाच (कापलेली अक्षरं उचलून काचेवर लावायची टेप) चिकटून राहतं.

रंग पांढरा किंवा चंदेरी. काळा, गडद निळा मागच्या काचेवर दिसतच नाही. वर्ष मुख्य स्टिकरवर छापू नका. नूतनीकरणाला 25 मिमीचं वेगळं गोल स्टिकर पुरतं.

जागा मागच्या काचेवर, बाहेरून, खालच्या कोपऱ्यात. आतून लावलं तर काढताना डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या तारांच्या) रेघा निघून येतात. बंपरच्या खरखरीत काळ्या प्लॅस्टिकवर काहीच टिकत नाही. नंबरप्लेटवर तर लावूच नये, ते नियमबाह्य आहे.

गाडी सावलीत, काच गार. आधी शाम्पू, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. वॅक्सचा अंश राहिला तर चिकटपणा गेलाच. मधून कडेकडे स्क्वीजी (दाबून चिकटवायची चपटी पट्टी) फिरवा आणि टेप अगदी आडवी दुमडून ओढा. दोन दिवस धुवायची नाही. पुढेही प्रेशर वॉशरचा फवारा कडेवर जवळून मारू नका.

काढताना हेअर ड्रायरने गरम करून सावकाश सोलायचं. उरलेला गोंद अल्कोहोलने निघतो.